बारा गाळ्यांची गच्ची

गोविंद तांडेल सप्टेंबर २०१९ च्या तिसऱ्या मंगळवारी पहाटे डहाणू गावातल्या आपल्या घरी वारले. वय एकोणसत्तर. डॉक्टरांनी कारण हृदयविकार असे लिहिले. मला बातमी सव्वानऊ वाजता फोनवर कळली. फोन किशोरभाईंचा होता. ते आमच्या इमारतीतल्या दुकानदारांचे सेक्रेटरी. तळमजल्यावर त्यांचे कापडाचे दुकान आहे. ते म्हणाले, "तांडेल गेले." मग विचारले, "गच्चीची चावी तुमच्याकडेच आहे ना?" बाहेर पाऊस होता. चावी माझ्याकडेच होती. मी आधी गच्चीवर गेलो, पाणी जायच्या दोन्ही तोंडांवरच्या जाळ्या उचलून पाला काढला आणि मग डहाणू गावाकडे जाणारी रिक्षा पकडली. पोचायला उशीर का झाला, असे तांडेलकाकांच्या बहिणीने, जमनाबाईंनी, मला विचारले. मी कारण सांगितले. त्यांनी मान हलवली आणि बसायला जागा करून दिली.

स्टेशनकडून पारनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या इमारतीचे पाटीवरचे नाव वेगळे आहे, पण गावात तिला बारा गाळे असेच म्हणतात. खाली बारा दुकाने, वर चार खोल्या आणि त्यांच्यावर सपाट गच्ची. एका खोलीत मी बसतो. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. शेजारच्या मोठ्या खोलीत वैद्य बाईंचा दहावीचा क्लास चालतो. उरलेल्या दोन खोल्यांत तेव्हा दुकानदारांचा माल असे. २०१३ च्या पावसात चारही खोल्या गळल्या. माझ्या टेबलावर एक बादली आणि क्लासमध्ये तीन अशी व्यवस्था होती. दुकानदारांनी गच्चीवर पत्र्याची शेड टाकायचे जवळजवळ ठरवले होते. मार्च २०१४ मध्ये कोणीतरी सुचवले म्हणून तांडेलकाकांना एकदा गच्ची दाखवायला आणले. ते रेल्वेच्या बांधकाम खात्यातून मिस्त्री म्हणून निवृत्त झाले होते. विरारपासून उंबरगावपर्यंतच्या स्टेशनांची आणि क्वार्टरांची छपरे त्यांनी तीस वर्षे राखली होती. त्यांनी चपला जिन्यात काढल्या, गच्चीवर अनवाणी तासभर फिरले आणि खाली येऊन सांगितले की शेड टाकू नका. शेड टाकली की गळणे थांबत नाही, दिसायचे थांबते. गच्ची अजून वीस वर्षे चालेल, पण चावी एकच असेल आणि ती त्यांच्याकडे राहील. दुकानदारांना अट विचित्र वाटली. तरी ती मान्य झाली.

पुढची चार वर्षे खोल्या गळल्या नाहीत. यात चमत्कार काही नव्हता. मी बहुतेक कामे जवळून पाहिली आहेत. दर रविवारी सकाळी ते यायचे. गच्ची झाडायचे, जाळ्या उचलून खालचा गाळ हाताने काढायचे. कठड्याच्या सांध्यात पिंपळ उगवला तर दोन पानांचा असतानाच मुळासकट उपटायचे. एप्रिलमध्ये सगळ्या गच्चीला चुना द्यायचे, म्हणजे ऊन कमी शोषले जाते आणि लादीचे तुकडे उचकटत नाहीत. भेगा नेहमी पहाटे भरायचे. दुपारी तापली की भेग मिटते आणि मिस्त्रीला ती बारीक वाटते. खरी रुंदी थंडाव्यात कळते, असे त्यांचे म्हणणे होते. मेमध्ये दोन्ही तोंडे बंद करून गच्चीवर तीन दिवस पाणी कोंडून ठेवायचे आणि खाली येऊन आमची छते बघायचे. गच्चीत खिळा ठोकायला सक्त मनाई होती. जिल्हा नवा झाला त्या वर्षी दोन निवडणुका आल्या. एका पक्षाची माणसे कठड्यावर फलकाची लोखंडी चौकट बसवायला ड्रिल घेऊन आली, तेव्हा काका जिन्याच्या दारात बसून राहिले. त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, आमचा उमेदवार निवडून आला तर तुम्हाला नवी गच्ची देईल." काका म्हणाले, "मग निवडून आल्यावर भोकं पाडा." चौकट शेवटी दोरीने बांधली गेली.

छत बघायची त्यांची एक रीत होती आणि या लेखाचे कारण ती रीत आहे. छतावर ओलीचा डाग दिसला की ते स्टुलावर चढून डागाच्या कडेबाहेर जराशी जागा सोडून पेन्सिलीची रेघ ओढायचे आणि रेघेवर तारीख घालायचे. चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना आडवी खूण आणि तारीख. पुढच्या वेळी डाग रेघेबाहेर गेला असेल तर तो जिवंत, आत राहिला असेल तर मेलेला. डाग मोठा झाला की नाही हे कोणाच्या आठवणीवर सोडायचे नाही, एवढाच त्यात हेतू होता. माझ्या खोलीच्या छतावर २०१४ ची अशी सहा वर्तुळे आहेत, सगळी मेलेली. वैद्य बाईंचे विद्यार्थी त्यांना नकाशा म्हणत. कंटाळा आला की वर बघून कुठला देश कुठे आहे ते ठरवत.

२०१४ च्या दिवाळीनंतर जमनाबाईंना किनाऱ्यावर मासळी सुकवायला पुरेशी जागा मिळेना. त्या बाजारात सुकी मासळी विकतात. काकांपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, आणि वडील गेल्यावर काकांचे शिक्षण त्यांच्याच टोपलीवर झालेले. त्यांनी भावाकडे गच्ची मागितली. काकांनी एरवी कोणालाही पाय ठेवू दिला नव्हता. त्यांनी होकार दिला. मात्र गच्ची ओली होऊ नये म्हणून त्यांनी स्वतः जाड ताडपत्री आणली, ती गच्चीच्या उतारावर अंथरली आणि तिच्या कडांवर दगड ठेवले. दोन हिवाळे त्या ताडपत्रीवर जवळा आणि मिठात मुरवलेली मांदेली सुकली. किशोरभाई शाकाहारी. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात वासाची तक्रार केली. काका म्हणाले की वारा खाडीकडून आहे. किशोरभाईंनी वर जाऊन पाहिले नाही. चावी त्यांच्याकडे नव्हती. २०१६ च्या उन्हाळ्यात जमनाबाईंना किनाऱ्यावर जागा मिळाली, ताडपत्री निघाली, गच्ची धुतली गेली. हा विषय तिथे संपला असे आम्ही सगळे समजत होतो.

जुलै २०१८ मध्ये क्लासच्या खोलीत, कठड्याखालच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, तपकिरी डाग दिसला. काकांनी रेघ ओढली. ऑगस्टमध्ये डाग रेघेबाहेर गेला आणि त्याच्या मधोमध केसाएवढी चीर दिसली, भिंतीला समांतर. त्यांनी चिरेच्या टोकांना खुणा केल्या. मग वर जाऊन त्या जागेवरची गच्ची वीत-वीत तपासली. वरून भेग सापडली नाही. तीन रविवार ते तीच जागा बघत होते. त्यांना पहिल्यांदाच एखादा डाग समजत नव्हता. कारण सापडेपर्यंत त्या कोपऱ्यातली दोन बाके हलवा, असे त्यांनी वैद्य बाईंना सांगितले. बाई म्हणाल्या, "काका, बाकं हलवून ठेवायची कुठे? माझ्या डोक्यावर?" एक बाक हलले.

नोव्हेंबरमध्ये डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. तो हिवाळा इथे कोणी विसरणार नाही. पूर्वेकडच्या गावांत लोक घरे सोडून शेतात ताडपत्रीखाली झोपू लागले. शाळा मैदानात भरू लागल्या. बारा गाळ्यांत धक्का बसला की आधी खालची शटरे वाजत, मग वरून मुलांच्या पावलांचा आवाज जिन्यात येई. एकदा एका दिवसात मुले चार वेळा खाली उतरली आणि चौथ्यांदा अर्धी मुले वर गेलीच नाहीत. जानेवारीत क्लासमधली चीर नखाएवढी रुंद झाल्याचे किशोरभाईंनी मला दाखवले. मी तिचा फोटो काढला आणि भूकंपाच्या धक्क्यांनी डहाणूतल्या व्यापारी इमारतीच्या छताला तडा गेल्याची बातमी पाठवली. ती दुसऱ्या दिवशी दोन स्तंभांत छापून आली.

काका त्या सकाळी अंक घेऊनच वर आले. त्यांनी मला क्लासच्या खोलीत नेले, स्टूल ठेवले आणि चढायला सांगितले. चिरेच्या टोकाशी त्यांच्या अक्षरात ऑगस्टची तारीख होती.

"धक्के कधी सुरू झाले?" त्यांनी विचारले.

"नोव्हेंबरात."

"मग बातमी लिहिताना तुम्ही वर बघितलं नाही?"

मी फोटो काढला होता. तारीख फोटोतही होती. मी वाचली नव्हती.

त्यांनी आवाज चढवला नाही. चीर जुनी आहे एवढेच नक्की, ती रुंद धक्क्याने झाली की आतून हे मला माहीत नाही, असे ते म्हणाले. फरक महत्त्वाचा होता. धक्क्याची चीर असेल तर ती भरून वर गिलावा केला की काम झाले, आणि सगळ्या दुकानदारांना तेच हवे होते. आतले काही असेल तर गिलावा म्हणजे झाकण. छत एक दिवस न सांगता खाली आले असते आणि त्याच्या खाली रोज संध्याकाळी तीसेक मुले बसत होती. काका म्हणाले, "मी आयुष्यात भूकंपाचा तडा बघितलेला नाही. मला एक दाखवा." मला त्याच आठवड्यात तलासरीकडे बातमीसाठी जायचे होते. ते बरोबर आले.

तलासरीपर्यंत एसटी आणि पुढे जीप असा प्रवास केला. एका पाड्यावर जान्या नावाच्या शेतमजुराचे विटांचे नवे घर होते. त्याला दोन तडे गेले होते. त्याच्याच अंगणातले जुने कुडाचे घर मात्र जसेच्या तसे होते आणि सगळे कुटुंब त्यातही झोपत नव्हते, समोरच्या खळ्यावर झोपत होते. काका भिंतीला डोळा लावून उभे राहिलेले पाहून जान्याने विचारले, "तू पंचनाम्याचा का?"

"नाही. मिस्त्री."

"मग उशीर केलास. बांधायच्या आधी यायचं."

काका हसले आणि पुन्हा भिंतीकडे वळले. तडा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर गेला होता. त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, आत पातळ पाते घालून बघितले, बोटाला लागलेली धूळ उजेडात धरली. कडा धारदार आणि कोरड्या होत्या, आत राखाडी. ते दुसऱ्या तड्यावर तळहात ठेवून उभे असताना धक्का आला. आधी लांबून जड ट्रक यावा तसा आवाज, मग पायाखाली एक हिसका. पत्र्यावरची कोंबडी उडाली. मी दारातून बाहेर होतो, हे मला बाहेर आल्यावर कळले. काका आतच होते आणि हात भिंतीवरच होता. जान्या ओरडला, "बाहेर ये, म्हाताऱ्या, घर माझं आहे, तू कशाला मरतोस?" ते बाहेर आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. भिंत हलली तेव्हा तडा उघडला आणि परत मिटला, असे त्यांनी मला सांगितले. बोटाला त्याचा चिमटा बसला होता. जान्याच्या बायकोने त्यांना पाणी दिले आणि बसायला बाज दिली. कुडाच्या घराला काही झाले नाही, हे त्यांनी जाताना जान्याला दोनदा सांगितले.

परतीच्या एसटीत ते म्हणाले की भूकंपाचा तडा तिरका आणि कोरडा, आपली चीर सरळ आणि डाग तपकिरी. विवळवेढ्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी विचारले, "आपल्या गच्चीचा उतार कुठे आहे?"

"जाळीकडे."

"आणि ताडपत्रीची खालची कड कुठे होती?"

मला आठवत नाही, असे मी म्हणालो.

"मला आठवते आहे," ते म्हणाले. "कठड्यापासून हातभर."

स्टेशनवर उतरून ते घरी गेले नाहीत. क्लास सुटेपर्यंत जिन्यात थांबले, मग खोलीत जाऊन स्टुलावर चढले आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने छत ठोकू लागले. भिंतीपासून लांब आवाज भरीव येत होता. चिरेजवळ तो बदलला. रिकाम्या डब्यावर ठोकावे तसा झाला. पोकळ आवाज येईल तिथे ते पेन्सिलीने खूण करत गेले. खुणा जोडल्यावर एक लांबट पट्टा तयार झाला, भिंतीला समांतर, दोन बाकांएवढा लांब. वर ताडपत्रीची कड तेवढीच होती. गच्ची ओली होऊ नये म्हणून अंथरलेल्या ताडपत्रीवरून दोन हिवाळे खारे पाणी ओघळून तिच्या खालच्या कडेशी साठले होते. दगडांनी ते तिथेच अडवून धरले होते. मासळी उघड्या गच्चीवर पसरली असती तर ते सगळीकडे पसरून वाळले असते आणि पहिल्या पावसात धुऊन गेले असते. काकांनी हे मला स्टुलावरूनच सांगितले. मग ते खाली उतरले आणि खोलीच्या दाराला स्वतःचे कुलूप लावले.

ते कुलूप पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी किशोरभाईंच्या दुकानात गादीवर सगळे दुकानदार बसले. वैद्य बाई दाराशी उभ्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. सरकारी भरपाई मिळावी म्हणून पंचनाम्यासाठीचा अर्ज तयार होता. इमारतीची देखभाल करणारा मिस्त्री म्हणून त्यावर काकांची सही हवी होती. तडा भूकंपाचा आहे, एवढेच लिहायचे होते. बातमीचे कात्रण जोडलेले होते. किशोरभाईंनी अर्ज पुढे केला. काकांनी तो वाचला आणि परत दिला.

"हा तडा भूकंपाचा नाही, मिठाचा आहे. आतल्या सळया गंजून फुगल्यात. धक्क्यांनी फक्त तोंड उघडलं. मीठ वर मी नेऊ दिलं होतं."

किशोरभाई म्हणाले, "वारा खाडीकडून होता, ना तांडेल?"

"नव्हता," काका म्हणाले.

एक दुकानदार म्हणाला की हे आत्ताच सांगायची काय गरज होती, गावातल्या निम्म्या इमारतींना तडे आहेत, कोणी विचारायला आले नसते. वैद्य बाईंचा प्रश्न वेगळा होता. परीक्षा महिन्यावर आली होती. मुले आधीच धक्क्यांनी घाबरलेली, त्यांना आता कुठे न्यायचे? "पाच वर्षं तुम्ही सांगताय, गच्ची ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "सांगत होतो," काका म्हणाले. त्यांच्या ओळखीने मासळी बाजारामागचे एक सभागृह संध्याकाळपुरते मिळाले. पहिले दोन दिवस निम्मी मुले आली, वासाने नाक दाबल्याची नक्कल करत. तिसऱ्या दिवसापासून सगळी आली. दरम्यान किशोरभाईंनी एकदा कुलूप तोडायला माणूस बोलावला होता. काका पुन्हा दारात जाऊन बसले. या वेळी दोरीची तडजोड नव्हती. माणूस अर्धा तास थांबला आणि परत गेला.

पाचव्या दिवशी पालघरहून एक निवृत्त अभियंता आले. त्यांनी ठोकून पाहिले, काकांच्या पेन्सिलीच्या पट्ट्याबाहेर वीतभर आणखी खूण केली आणि छताला आधी टेकू द्यायला सांगितले. टेकू लागल्यावर गवंड्याने पट्ट्याच्या एका टोकाला छिन्नी लावली आणि एक ठोका दिला. दुसऱ्याची गरज पडली नाही. बाकाएवढा एक अखंड तुकडा सुटून जमिनीवर आला. बाके हलवलेली होती. त्या जागी कोण बसायचे, हे वैद्य बाईंना पाठ होते. त्यांनी तीन मुलींची नावे सांगितली आणि मग त्या जिन्यात जाऊन बसल्या. वर उघड्या पडलेल्या सळया तपकिरी होत्या. काकांनी एकीला बोट लावले तर पापुद्रा हातात आला. त्यांनी तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

तो पापुद्रा त्यांनी बहिणीला दाखवला असावा, कारण दोन दिवसांनी जमनाबाई बाजार आटोपून रिकामी टोपली घेऊन जिना चढून आल्या. गुडघे दुखत असल्याने त्या प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. त्यांनी मान वर करून छताकडे बराच वेळ पाहिले.

"गोविंदा, आपल्या बापाच्या होडीचे खिळे दर दोन वर्षांनी कशापायी बदलायचे रे?"

काकांनी त्यांच्या हातातली टोपली घेऊन खाली ठेवली.

"गच्ची मागताना मला वाटलं, तू मिस्त्री आहेस, तुला कळतं. तू एकदा विचारलं असतंस, तर मीच सांगितलं असतं. मीठ कुठं कुठं शिरतं ते आम्हाला माहीत असतं."

"चुकलं, बाय," काका म्हणाले.

"तुझं नाही एकट्याचं," त्या म्हणाल्या आणि उतरायला लागल्या.

मी बातमीची दुरुस्ती पाठवली. काकांनी तीत आपले नाव घालायला सांगितले होते. कोणाच्या निर्णयामुळे नुकसान झाले तेही लिहा, असे ते म्हणाले होते. मी तसे लिहिले. मुख्य कार्यालयाने ते काढले आणि तडा भूकंपामुळे नसल्याचे स्पष्ट झाले आहे, एवढे एक वाक्य छापले. काकांनी ते वाचून अंकाची घडी घातली. नाव नाही, एवढेच ते म्हणाले.

काम मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालले. गंजलेल्या सळया घासल्या, शेजारी नव्या बांधल्या, नवे काँक्रीट झाले. वरून त्या भागाची जुनी लादी काढून खारट भरणी फेकली आणि उतार नव्याने केला. काका रोज हजर असत, पण सांगायला अभियंता होते. काका नव्या काँक्रीटवर पाणी मारत. काम संपल्यावर दुकानदारांची बैठक झाली. किशोरभाई म्हणाले, "तांडेल, तुम्ही खरं बोललात म्हणून आज ही इमारत उभी आहे. ते आम्ही मानतो. पण..." काकांनी वाक्य पूर्ण होऊ दिले नाही. चावी काढून कापड मोजायच्या टेबलावर ठेवली. ती दुकानातल्या खिळ्याला लटकवू नका, एवढेच त्यांनी मागितले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांच्याकडे द्या. गळलं तर आधी यांच्याच डोक्यावर गळेल." त्या दिवशी त्या दुकानात पहिल्यांदाच कोणी हसले.

त्यांना गच्चीवर जायची मनाई कोणी केली नव्हती. तरी त्यानंतर त्यांनी गच्चीचा उंबरठा ओलांडला नाही. रविवारी सकाळी ते यायचे, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायचे आणि मला आत पाठवायचे. "चपला," ते आठवण करत. मग जाळी उचला, हात आत घाला, काठीने नको, हाताने... दुसरी. कठड्याच्या कडेने चाला. पायाला कुठे पोकळ लागतं का? त्या पावसाळ्यात एका सकाळी पाऊस इतका होता की मला त्यांचा आवाज ऐकू येईना आणि गच्चीवर घोट्यापर्यंत पाणी चढले. जाळीखाली चिकूची पाने आणि एक मेलेला कावळा अडकला होता. मी तो काढला, तेव्हा पाणी आवाज करत खाली गेले. मागे वळून पाहिले तर काका पायरीवर उभे होते. दोन्ही हात चौकटीला धरलेले, पाय उंबरठ्याच्या आत.

जुलैच्या शेवटी क्लासच्या खोलीत, नवे काँक्रीट जुन्याला मिळते तिथे, तळहाताएवढा डाग दिसला. किशोरभाईंनी वर येऊन पाहिला आणि ते खाली गेले. क्लास जूनपासून पुन्हा त्याच खोलीत भरत होता. वैद्य बाईंनी काकांना विचारले, मुलांना परत हलवू का? काकांनी छत ठोकले, आवाज भरीव आला. तेव्हा नको, म्हणाले, पण त्या डागाखाली कोणाला बसवू नका. मग रेघ ओढली आणि तारीख घातली, २८ जुलै. हा डाग काय आहे, असे मी विचारले. काम करताना आत राहिलेली ओल बाहेर पडत असेल, नाहीतर सांध्यातून नवे पाणी येत असेल. दोन्हींचा डाग सारखाच दिसतो. "पाऊस संपेपर्यंत थांबा," ते म्हणाले. "बाहेर गेला तर दुरुस्ती फसली. परत उघडावं लागेल. आत राहिला तर वाळतोय. मधे माझं ऐकू नका, कोणाचंच ऐकू नका."

ऑगस्टमध्ये डाग रेघेला टेकला. ते दर दोन दिवसांनी येऊ लागले. डहाणू गावाहून रिक्षाने यायचे, स्टुलावर चढायचे, उतरायचे, जायचे. एकदा चढताना त्यांना दम लागला आणि ते पाच मिनिटे स्टुलावरच बसून राहिले. मी डॉक्टरकडे चला म्हणालो, तर पाऊस संपू दे म्हणाले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, विसर्जनाच्या आदल्या दिवशी, ते शेवटचे आले. डाग रेघेवरच होता, आत नाही, बाहेर नाही. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत खिशात ठेवली. जाताना त्यांनी मला विचारले की दुसरी जाळी सकाळी उचलली होती का. मी हो म्हणालो. ते खरे होते.

त्यांच्या दहाव्याला किशोरभाई आले होते. जमनाबाईंनी काकांची पेन्सिल मला दिली. ती बोटाएवढी उरली आहे आणि तिचे टोक पात्याने केलेले आहे. यंदाचा पाऊस लांबला. ऑक्टोबरभर येत राहिला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातही आला. धक्के मधूनमधून अजून बसतात. दर रविवारी मी जाळ्या उचलतो, चपला जिन्यात ठेवतो. डागाखालची जागा वैद्य बाईंनी अजून रिकामी ठेवली आहे.

नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी सकाळी मी क्लासच्या खोलीत स्टुलावर चढलो. स्टूल किशोरभाईंनी धरले होते. वैद्य बाई दारात होत्या. छत ठोकले, आवाज भरीव आला. डाग २८ जुलैच्या रेघेच्या आत आहे, सगळ्या बाजूंनी. सर्वांत कमी अंतर खिडकीकडच्या बाजूला आहे, दीड बोट.